ट्रायमध्ये किंमत दिली, तरी व्हेरिएबल रिकामं कसं?

जावामध्ये ट्राय-कॅच लिहायला लागलं, म्हणजे फसू शकणारं काम ट्रायमध्ये आणि फसल्यावर काय करायचं ते कॅचमध्ये, की एक एरर हमखास भेटते. व्हेरिएबल वर घोषित केलेलं असतं, ट्रायच्या आत त्याला किंमत दिलेली असते, आणि तरीही खाली ते वापरायला गेलं की कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम, अडून बसतो: ‘व्हेरिएबल माइट नॉट हॅव बीन इनिशियलाइज्ड’. म्हणजे या व्हेरिएबलला अजून किंमत मिळालेली नसेल, अशी त्याला शंका आहे. आपल्या डोळ्यांसमोर तर किंमत दिलेली दिसते. मग बहुतेक जण घोषणेच्या ओळीतच ‘= ०’ किंवा ‘= नल’ (नल म्हणजे ‘काहीच नाही’) लिहून मोकळे होतात. एरर जाते, काम पुढे सरकतं.

या लेखात मला त्या ‘= ०’ बद्दलच बोलायचं आहे. ही एरर आपल्याला एक नेमका प्रश्न विचारत असते: ट्रायमधलं काम फसलं, तर या व्हेरिएबलमध्ये काय असायला हवं? याचं उत्तर तुम्ही ठरवलंत की कोड आपोआप नीट होतो. उत्तर न ठरवता शून्य टाकलंत, तर प्रश्न तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात सुचेल असा एक प्रोजेक्ट उदाहरणाला घेऊ. बर्डी, महाल, इतवारी, धरमपेठ आणि कळमना अशा पाच ठिकाणी तापमान मोजणारे सेन्सर लावले आहेत. प्रत्येक सेन्सर आपला आकडा मजकूर म्हणून पाठवतो. प्रोग्राम त्या मजकुराचा अंक करतो आणि शहराची सरासरी काढतो. खालच्या तुकड्यांत कोडमधले शब्द वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना जावाचे शब्द आणि अंक नेहमीच्या रोमन लिपीतच लिहायचे.

```
डबल तापमान;
ट्राय {
    तापमान = डबल.पार्सडबल(मजकूर);
} कॅच (नंबरफॉरमॅटएक्सेप्शन ई) {
    लॉग("सेन्सरचा आकडा वाचता आला नाही");
}
बेरीज = बेरीज + तापमान;
```

एरर शेवटच्या ओळीवर येते. का, ते पाहायला या कोडमधून जाणारे दोन रस्ते बोटाने गिरवून बघा. पहिला रस्ता सरळ आहे. सेन्सरने ‘४५’ पाठवले, त्याचा अंक झाला, तो तापमानात गेला, कॅच वगळला गेला, बेरीज झाली. दुसऱ्या रस्त्यावर सेन्सरने रिकामा मजकूर पाठवला. ‘=’ च्या उजवीकडचं काम आधी होतं आणि डावीकडे किंमत नंतर जाते. उजवीकडची पार्सडबल, म्हणजे मजकुराचा अंक करणारी मेथड, मध्येच एक्सेप्शन फेकते, म्हणजे ‘काम फसलं’ असा इशारा देऊन थांबते, त्यामुळे डावीकडे काही पोचतच नाही. प्रोग्राम तिथून उडी मारून कॅचमध्ये येतो, लॉगमध्ये एक ओळ लिहितो, कॅचचा कंस संपतो, आणि मग? मग तो खाली बेरजेच्या ओळीवर येतो.

इथेच गल्लत होते. कॅचमध्ये शिरलं म्हणजे प्रोग्राम तिथे संपला, असं शिकणाऱ्याच्या डोक्यात कुठेतरी बसलेलं असतं. प्रत्यक्षात कॅच म्हणजे ‘चूक हाताळली गेली, आता पुढे चला’ असं प्रोग्रामला सांगणं. चूक हाताळली असा तुमचा दावा आहे, म्हणून जावा पुढे जाते आणि तापमान मागते. तापमानात मात्र काहीच नाही.

कंपायलर हे सगळं प्रोग्राम न चालवताच ओळखतो. जावाच्या अधिकृत भाषा-विनिर्देशात यासाठी एक पूर्ण प्रकरण आहे, १६ वं, ‘डेफिनिट असाइनमेंट’ नावाचं. त्यातला ट्रायसंबंधीचा नियम सोप्या शब्दांत असा: ट्राय-कॅचनंतर व्हेरिएबल भरलेलं आहे असं तेव्हाच मानायचं, जेव्हा ते ट्रायच्या शेवटीही भरलेलं असेल आणि प्रत्येक कॅचच्या शेवटीही भरलेलं असेल. किंवा मग ते फायनलीमध्ये, म्हणजे काम फसो वा न फसो, शेवटी चालणाऱ्या भागात भरलेलं असेल. आणि कॅचमध्ये शिरताना ट्रायमधल्या एकाही ओळीचं काम झालंय असं गृहीत धरायचं नाही. हा शेवटचा भाग फार कडक आहे. ट्रायमध्ये तुम्ही नुसतं ‘तापमान = ४५’ लिहा, ज्यात फसण्यासारखं काही नाही, आणि ‘कॅच (एक्सेप्शन ई)’ जोडा; तरीही तीच एरर येईल. कुठली ओळ फसू शकते आणि कुठली नाही याचा अंदाज बांधत बसायचं नाही, असं भाषा तयार करणाऱ्यांनी ठरवलं. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण आज न फसणाऱ्या ओळीच्या जागी सहा महिन्यांनी दुसरं कुणी फसू शकणारी ओळ लिहितं.

हे फक्त मेथडच्या आतल्या, म्हणजे लोकल व्हेरिएबलांना लागू आहे. तेच व्हेरिएबल मेथडबाहेर क्लासमध्ये हलवलं तर जावा त्याला आपणहून ०, फॉल्स किंवा नल देते आणि एरर नाहीशी होते. काही जण हा शोध लागल्यावर खूश होतात. त्यांनी ‘= ०’ च लिहिलेलं असतं, फक्त ते कोडमध्ये कुठे दिसत नाही. वर ते व्हेरिएबल आता सगळ्या मेथडना उघडं झालेलं असतं.

आता त्या शून्याने काय होतं ते पाहू. मे महिन्यातली दुपार आहे. बर्डीला ४५, महालला ४६, धरमपेठला ४४, कळमन्याला ४५. इतवारीचा सेन्सर बंद. चार चालू सेन्सरांची बेरीज १८०, चाराने भागली की सरासरी ४५. पण इतवारीच्या नावावर शून्य जमा झालं आणि पाचाने भागलं, तर सरासरी ३६.

३६ हा आकडा नीट बघा. तो वेडावाकडा नाही. मे महिन्यात नागपुरात एखाद दिवशी वळीव येऊन गेला तर असा आकडा दिसू शकतो, म्हणून कुणी थांबून विचारणार नाही. भारतीय हवामान खात्याच्या निकषांनुसार कमाल तापमान ४५ अंशांवर गेलं की उष्णतेची लाट आणि ४७ वर गेलं की तीव्र लाट मानतात. आपला प्रोजेक्ट म्हणजे हवामान खातं नव्हे हे खरं, पण त्याने ४५ वर इशारा द्यायचा असेल तर त्या दुपारी तो गप्प बसेल. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर चर्चा झाली, आणि तो सेन्सरचा दोष असल्याचं हवामान खात्याकडून लगेच स्पष्ट करण्यात आलं. ५६ आकडा स्वतःच ओरडून सांगतो की काहीतरी बिघडलंय. ३६ काहीच सांगत नाही.

‘झीरो टाकला ना सर, आता बरोबर चालून राहिलं,’ हे वाक्य मी लॅबमध्ये पुष्कळदा ऐकतो. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद असतो, आणि तो मला समजतो, कारण लाल रेघ गेलेली असते. पण गुणपत्रिकेवर गैरहजर विद्यार्थ्यासमोर कुणी शून्य लिहीत नाही, ‘गैरहजर’ लिहितात. शून्य हा पेपर दिलेल्याचा निकाल असतो. सेन्सरच्या बाबतीतही तेवढाच फरक आपल्या कोडने पाळायला हवा.

मग दुरुस्ती कशी करायची? मी आधी नेहमी एकच गोष्ट बघतो: हे व्हेरिएबल ट्रायच्या बाहेर असायची गरज आहे का? बहुतेक वेळा नसते. ते बाहेर काढलेलं असतं केवळ खाली वापरायचं म्हणून, आणि खालची ती ओळसुद्धा यशस्वी रस्त्याचाच भाग असते. मग तिला आत घ्या.

```
फॉर (स्ट्रिंग मजकूर : नोंदी) {
    ट्राय {
        डबल तापमान = डबल.पार्सडबल(मजकूर);
        बेरीज = बेरीज + तापमान;
        चालू = चालू + १;
    } कॅच (नंबरफॉरमॅटएक्सेप्शन ई) {
        बंद = बंद + १;
    }
}
```

आता तापमान जन्मतं तिथेच भरलेलं असतं आणि कंसाबाहेर त्याचं अस्तित्वच नाही. चुकीची किंमत वापरायला जागा उरलेली नाही. सरासरी काढताना ‘चालू’ ने भागायचं, आणि ‘बंद’ किती ते शेजारी दाखवायचं. एक काळजी मात्र घ्या: आत घ्या म्हटलं म्हणून चाळीस ओळींची अख्खी मेथड ट्रायमध्ये कोंबू नका. तसं केलं की कुठल्या ओळीची चूक पकडली ते कळेनासं होतं, विशेषतः कॅचमध्ये नुसतं ‘एक्सेप्शन’ लिहिलेलं असेल तर. मग सेन्सरची चूक आणि तुमच्या स्वतःच्या कोडमधली चूक एकाच पोत्यात जातात.

दुसरा मार्ग म्हणजे फसलेल्या रस्त्याला खाली येऊच न देणं. कॅचच्या शेवटी ‘कंटिन्यू’, ‘रिटर्न’ किंवा ‘थ्रो’ लिहा. लूपमध्ये असाल तर कंटिन्यू म्हणजे ही नोंद सोडून पुढची घ्या. कॅचमधून खाली जाणारा रस्ता बंद झाला की कंपायलरची तक्रार संपते, कारण बेरजेच्या ओळीवर आता फक्त यशस्वी रस्ताच पोचतो. इथे एक जागा अशी आहे जिथे विद्यार्थी तासभर डोकं खाजवतात. कॅचमध्ये ‘सिस्टिम.एक्झिट(१)’ लिहिलं, प्रोग्रामच बंद होणार, तरी एरर जात नाही! कारण कंपायलरच्या लेखी एक्झिट ही इतर मेथडांसारखीच एक मेथड आहे. तिच्यातून प्रोग्राम परत येत नाही हे त्याला ठाऊक नसतं. तुम्ही स्वतः लिहिलेल्या, नेहमी एक्सेप्शनच फेकणाऱ्या मेथडचंही असंच. अशा वेळी तिच्या खालच्या ओळीत रिटर्न किंवा थ्रो लिहायचं.

कधी कधी फसल्यावर वापरायची किंमत खरोखर ठरलेली असते. समजा सेन्सर दर किती मिनिटांनी वाचायचे ते सेटिंगच्या फाइलमधून येतं, आणि ती फाइल सापडली नाही तर ६० मिनिटं धरायची असं तुम्ही ठरवलंय. तर जरूर ६० द्या. पण ती घोषणेच्या ओळीत न देता कॅचमध्ये द्या. प्रोग्राम दोन्ही वेळी सारखाच चालेल, वाचणाऱ्याला मात्र कॅचमध्ये दिसेल की हे फसल्यावरचं उत्तर आहे आणि कुणीतरी ते विचार करून दिलंय. शिवाय घोषणेत किंमत दिली की कंपायलरचा पहारा कायमचा उठतो. उद्या तुम्ही आणखी एक कॅच जोडलात आणि त्यात किंमत द्यायला विसरलात, तर तो काहीच बोलणार नाही.

मला सगळ्यात आवडणारी दुरुस्ती मात्र वेगळीच आहे: ट्राय-कॅच उचलून एका छोट्या मेथडमध्ये ठेवा. तिचं नाव ‘वाच’. ती मजकूर घेते आणि ‘ऑप्शनलडबल’ परत देते. वाचता आलं तर भरलेलं, नाहीतर रिकामं. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून ही सोय आहे. हाक मारणाऱ्याला आता ‘आत काही आहे का’ हे विचारल्याशिवाय सहज पुढे जाता येत नाही. याच मार्गाने आणखी एक अडचण सुटते. व्हेरिएबल फायनल (एकदा दिलेली किंमत न बदलणारं) ठेवायचं असेल आणि ट्रायमध्ये एक किंमत, कॅचमध्ये दुसरी दिली, तर कंपायलर उलटी तक्रार करतो: याला आधीच किंमत मिळालेली असू शकते. ट्रायमध्ये किंमत देऊन झाल्यावर पुढची ओळ फसली तर, ही त्याची शंका. आणि लॅम्डामध्ये, म्हणजे जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनमध्ये, बाहेरचं वापरायचं व्हेरिएबल एकदाच भरलेलं असावं लागतं, त्यामुळे घोषणेतलं ‘= ०’ तिथेही आडवं येतं. मेथडने एकदाच किंमत परत दिली की दोन्ही तक्रारी मिटतात. कॉटलिन या भाषेत तर ट्राय स्वतःच किंमत देतो, ‘तापमान = ट्राय … कॅच …’ असं थेट लिहिता येतं, आणि ही अडचण तिथे फारशी उद्भवतच नाही.

नल लिहिणं जिथे प्रामाणिक आहे अशी एक जागा आहे, ती म्हणजे फायनली. फाइल ट्रायमध्ये उघडली आणि फायनलीमध्ये बंद करायची असेल, तर व्हेरिएबल बाहेरच घोषित करावं लागतं. आणि फाइल उघडतानाच चूक झाली तर बंद करायला काही नसतंच. तिथे नल म्हणजे ‘अजून उघडलेली नाही’, आणि बंद करण्याआधी नल आहे का ते तपासायचं. पण २०११ साली आलेल्या जावा ७ पासून ‘ट्राय’ च्या कंसातच फाइल उघडता येते आणि ती आपोआप बंद होते, त्यामुळे नव्या कोडमध्ये हा खटाटोप करायचं कारण उरलेलं नाही. पायथनमध्ये तेच काम ‘विथ’ करतो.

पायथनचं नाव निघालंच आहे तर तिकडे वळू, कारण धोका तिकडे जास्त आहे. तिथे असा कंपायलर नाही जो आधीच अडवेल. फंक्शनमधलं न भरलेलं व्हेरिएबल वापरलं की प्रोग्राम चालू असताना ‘अनबाउंडलोकलएरर’ येते. ही आली तर बरंच म्हणायचं. खरी अडचण ती न येण्यात आहे.

```
फॉर मजकूर इन नोंदी:
    ट्राय:
        तापमान = फ्लोट(मजकूर)
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        प्रिंट("वाचता आलं नाही")
    बेरीज += तापमान
```

पहिलाच सेन्सर बंद असेल तर एरर येईल. पण आपल्याकडे बंद आहे तिसरा, इतवारीचा. लूपच्या तिसऱ्या फेरीत तापमान रिकामं नाही. त्यात दुसऱ्या फेरीतले महालचे ४६ अंश तसेच पडून आहेत. पायथन फेरी बदलली म्हणून व्हेरिएबल पुसत नाही. म्हणून ४६ दोनदा मोजले जातात, बेरीज २२६ आणि सरासरी ४५.२ येते. खऱ्या उत्तराच्या इतकी जवळ की हा घोटाळा सापडायला महिने लागावेत. आणि एखाद्या दिवशी पहिला सेन्सर बंद पडला की प्रोग्राम कोसळतो, तेव्हा लोक म्हणतात, ‘कालपर्यंत तर चालत होतं.’

पायथनमध्ये यावर सुंदर उपाय आहे आणि तो फार थोडे जण वापरतात: ट्रायला ‘एल्स’ जोडता येतं. ट्राय निर्विघ्न पार पडला तरच एल्समधला कोड चालतो. बेरजेची ओळ एल्समध्ये गेली की काम झालं. ट्रायमध्ये फक्त फसू शकणारी एक ओळ राहते, आणि एल्समध्ये काही चुकलं तर ते या एक्सेप्टमध्ये दडपलं जात नाही. आणखी एक बारकावा: पायथन ३ मध्ये ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर ॲज ई’ लिहिलं की तो ब्लॉक संपताच ‘ई’ हे नाव पुसलं जातं. चूक नंतर दाखवायची असेल तर ती ब्लॉकच्या आतच दुसऱ्या नावाने ठेवून घ्या.

सी-शार्पचे नियम बरेचसे जावासारखेच आहेत. जावास्क्रिप्टमध्ये ट्रायच्या आत ‘लेट’ ने केलेलं व्हेरिएबल बाहेर दिसतच नाही, आणि बाहेर घोषित करून रिकामं राहिलं तर ‘अनडिफाइन्ड’ मिळतं, ज्याची अंकात बेरीज केली की ‘एनएएन’, म्हणजे ‘हा अंकच नाही’, होतं. सीमध्ये तर लोकल व्हेरिएबलात त्या मेमरीत आधीपासून पडलेला कचराच असतो आणि कंपायलर फार तर वॉर्निंग देतो.

न भरलेल्या मेमरीच्या अशाच एका वॉर्निंगची एक खरी गोष्ट सांगतो. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरच्या गुप्त किल्ल्या बनवणारं सॉफ्टवेअर. डेबियन लिनक्सच्या पॅकेजमध्ये ते तपासताना व्हॅलग्राइंड नावाच्या साधनाने तक्रार केली की इथे न भरलेली मेमरी वापरली जाते आहे. २००६ मध्ये ती तक्रार घालवण्यासाठी दोन ओळी काढून टाकल्या गेल्या. त्यातली एक ओळ नेमकी किल्लीसाठी लागणारी यादृच्छिकता गोळा करत होती. ती गेल्यावर किल्ली जवळपास केवळ प्रोसेस क्रमांकावर, म्हणजे चालू प्रोग्रामला यंत्राने दिलेल्या क्रमांकावर, ठरू लागली, आणि तो क्रमांक जास्तीत जास्त ३२,७६८ असायचा. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका आकाराच्या किल्ल्या एवढ्याच शक्य होत्या. कुणीही त्या सगळ्या आधीच बनवून ठेवू शकत होता. मे २००८ मध्ये हे उघडकीला आलं आणि जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या. ओळी काढणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. तक्रार खरी आहे की नाही, आणि ती ओळ काय करते, हे दोन प्रश्न मात्र नीट सुटायच्या आधीच तक्रार बंद झाली होती.

म्हणून दुरुस्ती केल्यावर फसणारा रस्ता मुद्दाम चालवून बघा. चांगला मजकूर देऊन तपासलंत तर कॅच कधी चाललाच नाही असंही होऊ शकतं. रिकामा मजकूर द्या, दोन डॅश द्या, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम द्या. जावात पार्सडबलला नल द्या: नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येत नाही, नलपॉइंटरएक्सेप्शन येतं, आणि वरचा आपला कॅच ते पकडणार नाही. ‘एनएएन’ असा मजकूर रोमन लिपीत दिला तर पार्सडबल तो आनंदाने स्वीकारते आणि एकही एक्सेप्शन न येता सरासरीच एनएएन होते. आणि आपल्याकडे हटकून तपासावा असा मजकूर म्हणजे देवनागरी अंक. जावाची पार्सइंट ‘४५’ बरोबर वाचते, पार्सडबल ‘४५’ वर एक्सेप्शन फेकते, आणि पायथनचं फ्लोट ‘४५.२’ सुद्धा नीट वाचतं. मराठी कीबोर्डवरून भरलेली नोंद कुठल्या रस्त्याने जाईल, ते या तिन्हींत सारखं नाही.